सरपंचाची जांभळी चड्डी

अहो, ऐकलंत का? सरपंचाची चड्डी सापडली! जांभळी. आणि सापडली कुठे, तर मार्नीबाईंच्या झोपायच्या खोलीत.

मार्नी म्हणजे ती हो, गावाच्या खालच्या अंगाला रानालगत राहते, कोंबड्या आणि गाई विकते. बाई तशी भली, पण गल्ल्यावर सापडेल तर शपथ. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, आणि एरवी गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना ही आत स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हकडे तोंड करून उभी. आणि लुईस सरपंच? वीस वर्षांहून जास्त झाली त्याला गादीवर बसून. पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी, बोलणं साखरेत घोळलेलं. हा गृहस्थ ऐन उन्हाळ्यात आपल्याला चिठ्ठी पाठवतो की माझी चड्डी हरवली आहे, तेवढी शोधून दे आणि गवगवा करू नकोस. कुठे हरवली ते सांगत नाही. सांगेल कसा?

बरं, चड्डी मिळवायची तर मार्नीच्या खोलीत शिरायला हवं आणि शिरायचं तर आधी तिच्याशी घसट वाढवायला हवी. म्हणून लोक तिला नेऊन नेऊन भेटी देतात! चड्डी हाती आली की काही सज्जन ती मुकाट्याने परत करतात. बाकीचे महाभाग खिशात घालून ठेवतात. उन्हाळ्याच्या ११ तारखेला समुद्रकिनारी गावजेवण असतं, राज्यपाल येतात, मोठ्या पातेल्यात सूप रटरटत असतं आणि प्रत्येकाने त्यात आपल्या शेतातलं काहीबाही टाकायचं असतं. हे टाकतात चड्डी! राज्यपालांच्या पुढ्यात! पुढे पानगळीच्या दिवसांत जत्रा भरते, तिथे आपापला उत्तम माल मांडायचा असतो. भोपळे, चीज, मासे यांच्या मधोमध हे चड्डी मांडतात. सरपंचाचा चेहरा उतरतो आणि तो तोंड बंद ठेवण्यासाठी जत्रेची ७५० नाणी हातावर टेकवतो.

आणि हे उद्योग करतं कोण? बँकेतल्या अधिकारी बाई. दहावीच्या मुलांना बीजगणित शिकवणारे सर. हिंजवडीला जाणारी आमची भाची. सगळी सुशिक्षित, सालस, एकादशीला साबुदाणा खाणारी मंडळी. रात्रीची जेवणं उरकली, भांडी घासून झाली, की फोन नाहीतर लॅपटॉप उघडून ही सगळी पेलिकन टाउन नावाच्या गावात हजर.

ज्यांच्यापर्यंत ही साथ पोचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. खेळाचं नाव स्टारड्यू व्हॅली. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी आला, आणि २०२४ संपेपर्यंत त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या. चित्रं अशी चौकोनी ठिपक्यांची, ठोकळेबाज, की पाहणाऱ्याला वाटावं हा एखादा जुना, अडगळीतून काढलेला खेळ आहे. कथा म्हणाल तर आपण एका जोजा नावाच्या अजस्र कंपनीत खुराड्यात बसून कीबोर्ड बडवत असतो. आजोबांनी मरताना एक बंद पाकीट दिलेलं असतं, जीव अगदी नकोसा होईल तेव्हा उघड म्हणून. तो दिवस येतो. आत निघतं शेताचं दानपत्र. आपण नोकरीला लाथ मारून गावी जातो, तर शेतात तण, धोंडे आणि ओंडके. स्वागताला पार्सनिपच्या १५ बिया.

हे पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखं काहीतरी. आमच्या भाचीने ते जन्मात चाखलेलं नाही, मंडईत तिला कोणी दाखवलं तर मुळा म्हणून पिशवीत टाकेल. पण स्टारड्यूमधलं पार्सनिप चार दिवसांत तयार होतं, बी २० नाण्यांना मिळतं आणि माल ३५ ला जातो, हे तिला झोपेतून उठवून विचारा. तिच्या स्वतःच्या आजोबांची जमीन खानदेशात आहे. सातबाऱ्यावर डझनभर नावं, त्यात हिचंही. तिथे जाऊ म्हटलं की हिला सुट्टी नसते, ऊन असतं, गाडीला रेंज नसते. हे मी तिला सुनावलंही.

"मावशी, तिथे भाऊबंदकी आहे," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "आणि थांब जरा, गाईला कुरवाळायचं राहिलंय."

रोज कुरवाळावं लागतं म्हणे. नाही कुरवाळलं तर गाय रुसते. आईला आठवड्यातून एक फोन होत नाही, पण गाय रुसलेली चालत नाही!

शेतीचं म्हणाल तर मी त्या खेळातली शेती बारकाईने पाहिली, आणि खऱ्या शेतकऱ्याला दाखवायची माझी छाती नाही. घराशेजारी एक लाकडी पेटी असते. दिवसभरात जे निघेल ते तिच्यात टाकायचं. रात्री माल उचलला जातो, सकाळी पैसे जमा. हमाली नाही, तोलाई नाही, अडत नाही, घट नाही. फ्लॉवरचा गड्डा १७५ नाण्यांना, म्हणजे १७५ नाण्यांनाच. एक टाका, हजार टाका, भाव हलत नाही. सगळ्या खेळात याहून मोठी जादू नाही, आणि तिथे जादूगार राहतो हे ध्यानात घेऊन सांगते. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची ट्रॉली घेऊन लिलावाची वाट पाहणाऱ्या माणसाला या पेटीबद्दल सांगून बघा. तो आधी हसेल आणि मग पत्ता विचारेल. कांदा तर तिथे शेतात लावतच नाहीत. पातीचा कांदा वसंतात रानात फुकट उगवतो, वाकून उपटायचा. कर्ज नाही, खताची रांग नाही. आहेत ते कावळे, एक बुजगावणं लावलं की तेही गप्प. क्रूरपणा एकच आहे. ऋतू २८ दिवसांचा असतो, आणि बदलला की त्या ऋतूचं उभं पीक सकाळी वाळून पडलेलं. पंचनामा नाही, भरपाई नाही. नव्या खेळाडूची पहिली किंकाळी बहुधा उन्हाळ्याच्या १ तारखेला ऐकू येते.

आंबाही आहे बरं का, पण लांबच्या एका बेटावर. तिथला व्यापारी आंब्याचं रोप पैशाला देत नाही, शिंपल्यांच्या बदल्यात देतो. रत्नागिरीकडच्या एका बागाइतदाराच्या सुनेला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "कलमाला शिंपल्या? चालेल की, शिंपल्या आमच्याकडे रग्गड."

पण शेतीचं कौतुक पहिल्या वसंतापुरतं. पुढे पाणी द्यायला फवारे बसतात, कोंबड्यांना दाणा आपोआप पडतो, मालक मोकळा होतो. तरी माणसं रात्र रात्र उठत का नाहीत? कारण त्यांना चटक लागलेली असते ती गावच्या भानगडींची! फ्लॅटचं दार लावून बसणाऱ्या, शेजारच्या घराची बेल वाजवायची तरी आधी मेसेज करणाऱ्या लोकांना इथे एक अख्खं गाव मिळतं, आणि त्या गावात दिवसाढवळ्या कोणाच्याही घरात सरळ शिरता येतं. माजघरात उभं राहा, कपाटाशेजारी उभं राहा, कोणी हटकत नाही. झोपायच्या खोलीपुरती थोडी ओळख लागते, ती कशी वाढवायची ते वर सांगितलंच. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून, हा तिथला गावठराव आहे.

माणूस वश करायची रीत उघड आहे. आठवड्याला दोन भेटी, आणि वाढदिवसाला दिलेल्या भेटीचं मोल आठपट. कोणाला काय आवडतं याच्या याद्या लोकांना तोंडपाठ. नवऱ्याला चहात साखर किती लागते हे न आठवणारी बाई हार्वी डॉक्टरला लोणचं आवडतं हे बिनचूक सांगते. खरंच आवडतं त्याला, कॉफी आणि वाइनही आवडते. डॉक्टर असून! शेनला बिअर आणि मिरची. पॅम नावाची बस चालवणारी बाई आहे, बस बंद पडल्यापासून ती गुत्त्यावरच असते, तिलाही बिअर. हेलीला सूर्यफूल. आणि गावातला सर्वांत दुर्मीळ, सप्तरंगी स्फटिक घेऊन गेलात तर इतर जण हरखतात, ही हेली मात्र नाक मुरडते. काय तो तोरा! पण हिच्याचसाठी माना टाकणारे कमी नाहीत.

लग्नाला उभी अशी बारा जणं आहेत, सहा मुली नि सहा मुलगे, आणि आपण बाई असा की बुवा, बारातल्या कोणाशीही लग्न लागतं. गावात कोणाची भुवई वर जात नाही. पत्रिका नाही, गोत्र नाही, मुलाचं पॅकेज विचारणारी आत्या नाही. आधी दुकानातून २०० नाण्यांचा पुष्पगुच्छ आणायचा, मग ओळख आणखी मुरली की ५,००० नाण्यांचा जलपरीचा लोलक. तो एक म्हातारा खलाशी विकतो, तोही पाऊस असेल त्याच दिवशी, किनाऱ्यावर. लग्न तीन दिवसांत. वेगळं हॉल बुकिंग नाही! आमच्या ओळखीतल्या एका उपवर मुलाची आई म्हणाली, "त्याला सांगितलं स्थळं बघ, तर म्हणतो आधी लियाचं मन राखतो." लिया ही रानातल्या झोपडीत लाकडाची शिल्पं करणारी. मुलाच्या आईने ती फोनवर बघितली. तिचं मत असं पडलं की मुलगी दिसायला बरी आहे, पण एकटी राहते.

गावात कोणी मनासारखं नाहीच सापडलं, तर गटारात क्रोबस राहतो. काळा सावलीसारखा प्राणी आहे, तो बिऱ्हाडकरू म्हणून घरात येतो. यावर मी काही बोलत नाही.

आता कान इकडे करा. लग्न न करता सहाही मुलींना एकाच वेळी फिरवणारे लोक आहेत. सहा पुष्पगुच्छ, सहा जणींशी गोड बोलणं. एक दिवस हे एमिली आणि हेलीच्या घरी जातात, तर तिथे सहाही जणी एकत्र बसलेल्या! मग जी काय बिनपाण्याने होते... त्यानंतर आठवडाभर कोणी बोलत नाही. पण खिशात सशाचा शुभ पाय असेल तर माणूस वाचतो. मग त्या सहा जणी भांडत नाहीत, याला शेजारी बसवून घेतात आणि चर्चा सुरू होते ती सरपंच आणि मार्नीची! म्हणजे पकडला गेलेला लबाड दुसऱ्या लबाडीच्या गप्पांत सामील होतो, आणि सगळे खूश. ज्याने हा प्रसंग लिहिला त्याचं एखाद्या वाड्यात दहा वर्षं वास्तव्य झालं असावं, असंच मला वाटलं होतं.

तर तो निघाला अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलकडचा. एरिक बॅरोन नाव. त्याचीही कहाणी ऐका. २०११ मध्ये कॉम्प्युटरची पदवी घेतली, नोकरी काही लागेना. म्हणाला, हात साफ होण्यासाठी एक छोटा खेळ करून बघतो. साडेचार वर्षं करत बसला! चित्रं त्याची, संगीत त्याचं, संवाद त्याचे, कोडिंग त्याचं. मैत्रीण कमवायची, आणि हा मधूनमधून एका थिएटरात लोकांना खुर्च्या दाखवायला जायचा. आपल्याकडे असता तर दुसऱ्याच वर्षी मामाने ओळखीने कुठेतरी चिकटवला असता आणि आज पेलिकन टाउन नसतं. पुढे पैसा आला, तोही अमाप, तरी हा पठ्ठ्या खेळात नवनवी भर घालतोच आहे आणि विकत घेतलेल्यांकडून वर छदाम घेत नाही. मार्च २०२४ मध्ये मोठी भर घातली. त्यात लोकांना काय मिळालं सांगू? मेयोनेझ पिण्याची सोय. घटाघटा, बाटली तोंडाला लावून! एवढी वर्षं काम करून माणसाला हे सुचतं, आणि जगभरचे लोक त्यावर टाळ्या पिटतात.

हे वेड याने निर्माण केलं असंही नाही. १९९६ मध्ये जपानात यासुहिरो वादा यांनी असाच एक शेतीचा खेळ काढला, पाश्चात्त्य देशांत तो हार्वेस्ट मून नावाने पोचला. बॅरोनचं बालपण त्याच्यावर पोसलेलं. आपल्याकडच्यांना मात्र नांगर धरायला शिकवलं ते २००९ मधल्या फार्मव्हिलने. आठवतंय ना? फेसबुकवर अख्खी ऑफिसं वांगी लावत बसायची. वर्गमैत्रिणीचा वीस वर्षांनी निरोप यायचा आणि त्यात खुशाली नसायची, माझी गाय हरवली आहे, मदत कर असं असायचं. माणसांची आठवण गाईच्या निमित्ताने काढायची ती शेवटची फॅशन. २०२० च्या ३१ डिसेंबरला फार्मव्हिल बंद पडलं. पण त्या शेतात माणूस नव्हता, हे त्यातलं मोठं वैगुण्य. वांगी होती, वांगी कोणाला नेऊन दिली हे पाहायला गाव नव्हतं.

इथे सगळी सोय आहे, आणि ती इतकी पुढे गेली आहे की आमच्या काळी असलं मनात आणायलाही लोक बिचकत. घटस्फोट घ्यायचा? सरपंचाच्या घरात वही ठेवलेली आहे, ५०,००० नाणी भरा, सही करा. रात्री दहाच्या आत मन फिरलं तर रद्दही होतो. तारीख नाही, वकील नाही, दोन्हीकडच्या मंडळींची बैठक नाही. मोडलेल्या जोडीदाराने पुढे तोंड फिरवलं आणि ते बघवेना, तर चेटकिणीच्या झोपडीत ३०,००० नाणी वाहायची, त्याच्या डोक्यातून तुमची आठवणच पुसली जाते. मग त्यालाच पुन्हा पटवायला मोकळे! आणि मुलं नको झाली तर त्याच झोपडीत तो सप्तरंगी स्फटिक वाहायचा. मुलांची कबुतरं होतात आणि उडून जातात. हो, कबुतरं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा घास तोंडातच राहिला. सांगणारी मुलगी बालवाडीत शिकवते.

एवढं असून गावकरी कशावर चिडतात माहीत आहे? कचरापेटीत हात घातल्यावर! कोणी पाहिलं तर तोंड वाकडं करतात आणि मनातून उतरलात म्हणून समजा. एक लायनस तेवढा समजून घेतो, तंबूत राहणारा. गावात खरा सभ्य माणूस तोच, आणि त्याला घर नाही.

तिकडे जोजा कंपनीनेही गावात मोठं दुकान थाटलेलं आहे. गावचं जुनं समाजमंदिर मोडकळीला आलंय. ते नीट करायचं तर शेतातलं, रानातलं, नदीतलं नग नग गोळा करून वाहावं लागतं. नाहीतर जोजाला ५,००० नाणी देऊन सभासद व्हायचं, ते तिथे गोदाम करून टाकतात. ज्या कंपनीला लाथ मारून आलात तिलाच! शपथेवर सांगते, असे सभासद होणारे लोक आहेत. काय म्हणतात? "पिएरचं दुकान बुधवारी बंद असतं, मग काय करणार?" आहे खरं बंद. बियाणं हवं असतं नेमकं तेव्हा बंद असतं, नऊ ते पाच एवढीच वेळ असते आणि पिएर दारात उभा राहून ग्राहकाच्या हिताबद्दल बोलतो. पुण्यात त्याचं उत्तम जमलं असतं.

या सगळ्यावर घरच्यांची एकच तक्रार, रात्रीची. खेळातला दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दोनला माणूस असेल तिथे कोसळतो. हा अख्खा दिवस आपल्या घड्याळातली साधारण चौदा मिनिटं. आणि खेळ साठवला जातो तो रात्री झोपल्यावरच. त्यामुळे मधेच उठता येत नाही, आणि झोपून उठलं की समोर नवी सकाळ, टीव्हीवर हवामान, उद्या पाऊस, म्हणजे पाणी द्यायला नको, म्हणजे खाणीत जाता येईल, म्हणजे आणखी एकच दिवस. आमच्या शेजारच्या वहिनी सांगत होत्या की यांचा "एकच दिवस" ऐकला की त्या सरळ दिवा मालवून कूस बदलतात. मी विचारलं, भांडत नाही का? तर म्हणाल्या, "भांडले असते हो, पण यांचं लग्न पेनीशी झालंय. गरिबाची मुलगी आहे, आई पिते. मीच सुचवली होती."

बघा म्हणजे. स्थळही घरातल्या बाईनेच काढलेलं!

पण चड्डीचं, लग्नांचं सगळं राहू द्या. आतली बातमी वेगळीच आहे. पिएरची मुलगी ॲबिगेल, तिला पाहिलंत ना? बापाचे केस तपकिरी, आई कॅरोलाइनचे हिरवे, आणि पोरीचे जांभळे. रंगवते म्हणे. ठीक आहे, रंगवत असेल. पण रानातल्या मनोऱ्यात तो जादूगार राहतो, त्याचे केस कोणत्या रंगाचे? जांभळे. आणि हा जादूगार ओळख वाढल्यावर स्वतःच्या तोंडाने सांगतो की गावातली एक जण आपली मुलगी असावी असा त्याला संशय आहे. नाव घेत नाही! त्यात ही ॲबिगेल भेट म्हणून जांभळा स्फटिक दिला तर खायला मिळाल्यासारखी खूश होते. खेळ लिहिणाऱ्याने एवढं सगळं मांडून ठेवलं आहे आणि स्वतः मूग गिळून बसला आहे. २०१६ पासून लोक भांडताहेत. अर्धे म्हणतात योगायोग, अर्ध्यांनी पिएरकडे पाहायची दृष्टीच बदलली.

मी अजून कोणाची बाजू घेतलेली नाही. कॅरोलाइनच्या घरामागे काचेची खोली आहे, तिथे ती एकटीच रोपं जोपासत बसते. हिरवा चहा तिला भारी आवडतो. मी चहाची झुडपं लावली आहेत, पहिली पानं आली की घेऊन जाणार, आणि दारातून आत शिरल्यावर पिएर घरात आहे की गल्ल्यावर ते आधी बघणार.